किवीची कोशिंबीर

सुहासिनी साळोखेच्या हाताला चव होती, पण ती तिची नव्हती. हे कुणी दुसऱ्यानं कुत्सितपणे म्हटलेलं नाही. ती स्वतःच म्हणायची, आणि तेही मान ताठ करून. वेंगुर्ल्याची ही पोर लग्न होऊन कोल्हापूरकडच्या साळोख्यांच्या घरात पडली, तेव्हा सासू विठाबाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं आणि सांगितलं, की आमच्यात असं करतात. चटणी एवढी, कूट एवढं, फोडणी इतपत चरचरली की मगच मिरची. सुहासिनी हुशार. दोन-तीन वर्षांत अशी तयार झाली की भावकीतली माणसं जेवून उठताना म्हणायची, आज विठाबाई स्वतः चुलीपुढं होत्या वाटतं. सुनेला याहून मोठं सर्टिफिकेट काय हवं?

पुढं नवरा हरीश साहिबाबादच्या एका कारखान्यात लागला आणि बिऱ्हाड दिल्लीच्या अंगणात, म्हणजे गाझियाबादच्या वैशालीत आलं. तेव्हाची वैशाली म्हणजे एकीकडे कोबीची शेतं आणि दुसरीकडे उंच क्रेन. सकाळी खिडकीतून म्हशी दिसायच्या आणि संध्याकाळी त्याच जागी नव्या शोरूमची पाटी लागलेली असायची. बाहेर 'भैया, ज़रा साइड में' म्हणायला सुहासिनी पटकन शिकली, पण स्वयंपाकघरात अख्खं कोल्हापूर नांदत होतं. मसाला तिकडून यायचा, ज्वारी तिकडून यायची. मुलगी देविका शाळेत छोले-भटुऱ्यांवर वाढली, तिला 'खर्डा' म्हणजे काय ते ठाऊक होतं पण 'उखळ' म्हणजे काय ते नव्हतं. असं सगळं बरं चाललेलं असताना दोन हजार एक साली, माघात, विठाबाई गेल्या.

कार्य आटोपल्यावर हरीश वडिलांना घेऊन आला. गुलाबराव साळोखे. गावच्या दूध डेअरीवर सगळा जन्म दूध तपासण्यात गेलेला, मिशा पांढऱ्या, पाठ अजून सरळ. त्यांच्या बायकोनं कधी त्यांना पाण्याचा तांब्या स्वतः घेऊ दिला नव्हता. सुहासिनीनं मनाशी ठरवलं, की मामंजींना आत्याबाईंची, म्हणजे सासूबाईंची, उणीव म्हणून भासू द्यायची नाही. पदर खोचला आणि लागली कामाला. भाकरी तश्शीच, आमटी तश्शीच, रविवारी तांबडा रस्सा तस्साच. काकडीची कोशिंबीर करताना तर आत्याबाई काकडी किसायच्या नाहीत, चोचवायच्या, सुरीनं वार करकरून बारीक करायच्या, म्हणून हीही चोचवत बसायची.

आणि गुलाबराव जेवेनात. दोन घास घ्यायचे, पाणी प्यायचे, ताटाला नमस्कार करून उठायचे. आज उकडतंय. आज पोट जड हाय. आज भूकच न्हाई. वैशाख लागला, बाहेर लू, ते इकडचं भाजणारं गरम वारं, सुरू झाली आणि म्हाताऱ्याचा सदरा अंगावर लोंबायला लागला. डॉक्टरांनी सगळं तपासलं. म्हणाले, रोग काहीच नाही, पण अन्न पोटात गेलं नाही तर या वयात रोगाची गरजही नाही. पावसाळा संपेपर्यंत असंच राहिलं तर मात्र कठीण आहे. हरीश त्या दिवशी घरी येऊन बाल्कनीत नुसता उभा राहिला. त्याला वाटत होतं, आबांना गावी परत पाठवावं. पण गावी कुणापाशी? तिथं तर नुसत्या भिंती. सुहासिनीनं ऐकलं आणि तिचा उत्साह दुप्पट झाला. आपल्याकडूनच काहीतरी कमी पडतंय, आत्याबाईंच्या हातची चव अजून पुरती उतरत नाहीये, असा निष्कर्ष तिनं काढला. किती हुशार बाई, पण गाडी निघाली नेमकी उलट्या दिशेनं.

अशात वरच्या मजल्यावरच्या मिसेस तनेजांकडे किटी पार्टी झाली. सुहासिनीला त्या पार्ट्यांतली हाऊजी वगैरे फारशी रुचायची नाही, पण खायला काय केलंय ते पाहायची मात्र भारी हौस. टेबलाच्या मध्यभागी एक मोठा काचेचा बाऊल होता, त्याच्या बाहेरच्या अंगाला बाष्प धरलेलं. आत बर्फासारखी गार पानं, लाल-पिवळ्या ढोबळ्या मिरच्या, आणि हिरव्यागार चकत्या. चकतीच्या मधोमध पांढरा ठिपका, भोवती काळ्या बियांचं रिंगण. असलं फळ तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. बाकीच्या बायका साड्यांबद्दल बोलत होत्या आणि ही स्वयंपाकघरात जाऊन कचऱ्याच्या डब्यातली सालं न्याहाळत होती. वरून चिकू, आतून पोपटी, सालीला केस. हात लावून पाहिलं, वास घेऊन पाहिला. मिसेस तनेजा हसून म्हणाल्या, किवी आहे, आयएनए मार्केटमध्ये मिळतं, आता बाहेरची सगळी फळं येऊ लागली आहेत.

दुसऱ्याच दिवशी ही बाई भर उन्हात दोन बस बदलून आयएनएला. तिथल्या दुकानदारानं किवी दिली, लेट्यूस दिलं, वर 'मैडम, एवोकाडो भी ले जाओ' म्हणून एक खडबडीत हिरवं फळ पिशवीत कोंबलं. घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात एकच होतं. इतक्या उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाला गरम आमटी कशी जाईल? गारेगार काहीतरी हवं.

आता आपल्या मराठी बाईच्या हातात एखादी कच्ची खायची वस्तू आली की ती काय करते? बीट असो, गाजर असो, डाळिंब असो, केळं असो, चिरता येतं ना, मग घाला दही. सुहासिनीनं किवी सोलली, बारीक फोडी केल्या, दही घातलं, मीठ-साखर, दाण्याचं कूट, वर हिंग-मिरचीची फोडणी. रूप असं देखणं की तिचं तिलाच कौतुक वाटलं. दुपारीच करून तिनं भांडं फ्रिजमध्ये ठेवलं. मध्ये दोनदा लाइट गेली, आली. गाझियाबादच्या लाइटीचं कौतुक सांगावं तेवढं थोडं. रात्री जेवणात कोशिंबीर वाढली आणि ती सगळ्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

हरीशनं पहिला घास घेतला आणि उठून थेट बेसिन गाठलं. देविका म्हणाली, मम्मा, हे काय आहे यार, कारल्याचं सॅलड? सुहासिनीनं चाखलं तर काय, जहर. कडूजार. कारलं परवडलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! ती कानापर्यंत लाल झाली आणि भराभर वाट्या उचलायला लागली.

गुलाबरावांची वाटी मात्र तिला मिळेना. ते वाटी डोळ्यांजवळ धरून बघत होते. त्यांनी आणखी एक चमचा घेतला, तो जिभेवर घोळवला, गिळला. मग आणखी एक.

"दूध नासलं तर आंबट हुतंय," ते म्हणाले. "हे कडू कशानं झालं?"

सगळे त्यांच्याकडे बघू लागले, कारण दिल्लीत आल्यापासून गुलाबरावांनी कुणाला विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

सकाळी उठून सुहासिनी बघते तर मामंजी स्वयंपाकघरात. ज्या माणसानं आयुष्यात चुलीकडे ढुंकून पाहिलं नाही, तो फ्रिज उघडून उभा. दही हवं, वाट्या हव्यात, ते केसाळ फळ हवं. एका वाटीत नुसतं दही ठेवलं. दुसरीत दही आणि कूट, न जाणो कूटच खवट असायचं. तिसरीत दही आणि किवी. चौथ्या वाटीतली किवी आधी गरम पाण्यात उकळून घेतली आणि मग दह्यात घातली. फ्रिजमध्ये हरीशच्या पाण्याच्या बाटल्यांना जागा उरली नाही. तासा-दोन तासांनी गुलाबराव चमचा घेऊन यायचे, प्रत्येक वाटी चाखायचे, सुहासिनीलाही चाखायला लावायचे. निकाल लागला. कच्ची किवी दह्याशी भांडते, शिजवली की गरीब गाय. पण का भांडते? हरीश म्हणाला, काहीतरी केमिकल असेल आबा. गुलाबरावांना ते मुळीच पटलं नाही. केमिकल असेल हे काय उत्तर झालं? ते तर मलाबी म्हणता येतंय, असं त्यांचं म्हणणं.

शेवटी देविकानं शाळेत सायन्सच्या बाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं, की काही कच्च्या फळांत असं द्रव्य असतं जे दुधातल्या प्रोटीनचे तुकडे पाडतं, त्यानं कडूपणा येतो. किवीत असतं, अननसात असतं, पपईत असतं. पपईचं नाव निघाल्याबरोबर गुलाबरावांनी मांडीवर थाप मारली. गावी जून बोकडाचं मटण शिजेना झालं की त्यात कच्च्या पपईचा तुकडा टाकतात, मटण मऊ पडतं. म्हणजे हे पपईचंच भावंड, ते म्हणाले, आणि इतके खूश झाले की नादात अख्खी किवी खाऊन गेले.

सुहासिनीनं ते बरोबर टिपलं. मामंजी खातात! कोशिंबीर नासली ती फुकट गेली नाही. तिनं आपलं अनुमान पक्कं केलं, की गार हवं आणि फळ हवं. मग सुरू झाला तो सॅलडचा महिना. दह्याला रजा. नुसतं लिंबू, मीठ, मिरपूड, आणि फ्रिजच्या पोटात ठेवून गारढोण केलेला बाऊल. डेहराडूनची लिची काकडीबरोबर. काश्मीरची चेरी लेट्यूसवर. आंबटगोड फालसे, आलूबुखार, खुबानी म्हणजे ताजे जर्दाळू. गुलाबराव प्रत्येक वस्तू हातात घेऊन आधी चौकशी करायचे. हे झाडाला लागतंय का वेलाला? पिकल्यावर रंग बदलतोय का? बी रुजंल का? लिचीची बी तर त्यांनी तुळशीच्या कुंडीत पुरूनही पाहिली. अॅव्होकाडो तोंडात घातल्यावर ते बराच वेळ विचारात पडले आणि मग म्हणाले, साबण हाय, पण चांगला साबण हाय. तोही संपवला. बाऊलच्या नादानं एखादा फुलका पोटात जायचा, कधी चार घास भात. चेहऱ्यावर जरा तुकतुकी आली. हरीश तर बायकोला म्हणाला, तू डॉक्टर व्हायला हवी होतीस. सुहासिनी मनात मांडे खात होती.

पण नवी वस्तू नवी असते ती एकदाच. दुसऱ्या खेपेला लिची आणली तेव्हा गुलाबरावांनी अर्धीच खाल्ली. तिसऱ्या खेपेला तशीच ठेवली. चेरीचंही तेच, किवीचंही तेच. सुहासिनीला वाटलं, लाइटीनं घात केला, बाऊल पुरेसा गार होत नाहीये. तिनं बर्फवाल्याकडून लादी आणली, परातीत फोडून ठेवली, तिच्यात बाऊल बसवला. दात ठणकतील इतकं गार झालं, आणि गुलाबरावांनी एक फोड तोंडात घालून ताटाला नमस्कार केला. पुन्हा आयएनएला गेली, तर दुकानदाराकडे नवीन काहीच नाही. महिनाभरात या बाईनं त्याचं दुकान पालथं घातलं होतं. बसमधून रिकाम्या हातानं परत येताना तिला पहिल्यांदा भीती वाटली. सदरा पुन्हा लोंबायला लागेल. पावसाळा तोंडावर होता.

तरी तिचं मन सांगत होतं, मामंजींच्या तोंडाला चव आलेली आहे, आता त्यांच्या आवडीचं द्यावं. म्हणून तिनं काकडीची कोशिंबीर केली, अगदी विठाबाईंची. चोचवलेली काकडी, ओल्या मिरचीचा ठेचा, कूट, वर तुपातली जिऱ्याची फोडणी. बर्फात ठेवून गार केली. चाखून पाहिली आणि स्वतःशीच म्हणाली, आत्याबाई असत्या तर त्यांनीही वाटी पुसून खाल्ली असती. इतकी साधलेली तिला आजवर कधी साधली नव्हती.

गुलाबरावांनी एक घास घेतला. चावला नाही, गिळलाही नाही, तसेच बसून राहिले. मग तोंडावर पंचा धरून उठले आणि बेसिनकडे गेले. परत आल्यावर ताटाकडे बघेचनात.

सुहासिनीचा बांध फुटला. तिनं विचारलं, की माझं काय चुकतंय ते एकदा सांगून तरी टाका. मीठ कमी आहे, तिखट कमी आहे, आत्याबाईंसारखं काय जमत नाहीये? मी जीव तोडून करते आणि तुम्ही पानावरून उठता. हे बोलताना तिचा आवाज चढला होता, आणि सासऱ्यापुढं तिचा आवाज याआधी कधी चढला नव्हता. हरीश घरी नव्हता, ते बरंच झालं.

गुलाबराव खुर्चीवर बसले. पंच्याची दशी बोटानं ओढू लागले.

"पोरी, तुझं कायबी चुकत न्हाई," ते म्हणाले. "तेच तर हाय. तुझ्या हातचा घास घेतला की वाटतंय, तीच वाढतीया. मान वर करतोय, तर तू. मग घास खाली उतरत न्हाई. ते लिची आन् किवी तिनं कवा केलंच न्हवतं, म्हणून गिळाय येत हुतं."

 सुहासिनीनं ताट उचललं, आत गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. ज्या गोष्टीचा आयुष्यभर तोरा मिरवला, तीच म्हाताऱ्याच्या घशाला नखासारखी लागत होती. तिला रडू आलं, आणि रागही आला, पण कुणाचा ते कळेना. आत्याबाईंचा? बिचाऱ्या गेल्या. मामंजींचा? त्यांनी तर खरं तेच सांगितलं. मग तिनं डोळे पुसले आणि मसाल्याचा डबा उघडला. आता असं काय करावं, जे आत्याबाईंनी कधीच केलं नाही? ती एकेक पदार्थ मनात घोळवू लागली. आमटी त्यांची. भरलं वांगं त्यांचं. पिठलं त्यांचं. सांजा, धपाटी, खीर, सगळं त्यांचंच. अहो, साधा चहासुद्धा ती त्यांच्याच पद्धतीनं उकळत होती. आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्या स्वयंपाकघरात आपलं असं काहीच नाही.

मग आठवलं. सासव. वेंगुर्ल्याला आई करायची ते. पिकलेला आंबा, अननस, असतील ती फळं, त्यांना ओलं खोबरं, लाल मिरची, गूळ आणि मोहरीचं वाटण. शिजवायचं नाही, फोडणी नाही. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिनं हौसेनं केलं होतं. विठाबाईंनी बोट लावून चाखलं आणि त्या म्हणाल्या, फळाला मोहरी लावायची? असलं भलतंच आमच्यात चालत न्हाई. ओरडल्या नाहीत, टाकूनही दिलं नाही. एवढंच म्हणाल्या. सुहासिनीनं पुन्हा कधी केलं नाही, आणि पुढं तर ते विसरूनच गेली.

आता करायचं तर मोहरी किती हेच आठवेना. आई जाऊन वर्षं झाली. मग खालच्या एसटीडी बूथवरून तिनं वेंगुर्ल्याला थोरल्या बहिणीला, लताला फोन लावला. लता आधी हसलीच. "आता आठवण इली तुका?" म्हणाली. मग सांगितलं, की मोहरी अगदी शेवटी घाल, जास्त वाटू नको, नाहीतर कडवट होईल. किती घालायची ते मात्र नाकाला विचार.

लंगडा आंबा मिळाला, अननस मिळाला, नारळ मिळाला. सुहासिनीनं वाटण वाटलं आणि भांड्यावर वाकून वास घेतला. मोहरी सणकन् नाकात गेली. डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते काही सगळं मोहरीचं नव्हतं. फ्रिजमध्ये ठेवलं. त्या दिवशी कसं कोण जाणे, लाइट गेली नाही.

तिनं गुलाबरावांपुढं वाटी ठेवली. त्यांनी सवयीनं वाटी डोळ्यांजवळ धरली. दही नाही ना, एवढं विचारून घेतलं. चमचा तोंडात घातला, थांबले, आणि अशी जोरात शिंक दिली की देविका अभ्यास सोडून धावत आली. नाक पुसून त्यांनी दुसरा चमचा घेतला. गोड लागतंय, म्हणाले, मग तिखट, मग नाकात जातंय. तिसरा, चौथा. वाटी पुढं केली. सुहासिनीनं ती भरली. मग त्यांनी भात मागितला. तिनं तोही वाढला.

"कुठल्या देशाचं म्हणायचं हे?" त्यांनी विचारलं.

"वेंगुर्ल्याचं," सुहासिनी म्हणाली. "माझ्या आईचं."

गुलाबरावांचा हात थांबला. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि या वेळी नजर काढून घेतली नाही. मग हे इतकी वर्षं कुठं होतं, असं त्यांनी विचारलं. सुहासिनीनं सरळ सांगून टाकलं, की आत्याबाईंना चालत नव्हतं, म्हणून केलं नाही. त्या रागावल्या मात्र नव्हत्या, हेही सांगितलं. गुलाबराव वाटीतल्या आंब्याच्या फोडीकडे बघत राहिले.

"मला वाटत हुतं," ते म्हणाले, "ह्या घरात मी एकलाच उपाशी हाय."

त्यांनी पायानं शेजारची खुर्ची मागं सरकवली आणि तिला बस म्हणाले. ती म्हणाली, तुमचं होऊ दे आधी. ते म्हणाले, न्हाई, आत्ता बस. सुहासिनीनं स्वतःसाठी वाटी आणली, भांड्यातलं सासव वाढून घेतलं आणि सासऱ्याच्या शेजारी बसून जेवली.